वरसेहून येणारे आकडे

पेणजवळच्या जोह्यात विमलबाई मोकलांचा गणपतीचा कारखाना आहे. घराच्या मागे पत्र्याची लांब शेड, आत फळ्यांवर शाडूच्या मूर्तींच्या रांगा, आणि शेडीच्या दाराशी माणसाच्या छातीइतक्या उंचीवर बसवलेली एक पांढरी लाकडी पेटी. पेटीला खिडकीच्या झडपांसारख्या पट्ट्या आहेत. नवीन गिऱ्हाईक तिच्याकडे बघून विचारतं, "आत कबुतरं हायत काय?" विमलबाई म्हणतात, "नाय, हवा हाय."

त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. वय आता साठीला आलेलं. पण गेल्या अकरा वर्षांत त्यांनी दुपारी अडीचची नोंद चुकवलेली मला माहीत नाही. सुनेच्या बाळंतपणातही त्या नोंद घेऊन मग दवाखान्यात गेल्या होत्या. मी पेणला राहतो आणि दरवर्षी त्यांच्याकडूनच मूर्ती नेतो. ही हकीकत त्यांनी मला शेडीत बसून, हातातलं काम न थांबवता सांगितली.

हा नाद त्यांना लावला दत्तात्रेय शिर्के यांनी. रोह्याजवळच्या वरसे गावात राहणारे हे गृहस्थ एका कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाले होते. बायको पुतळीबाईंना घेऊन ते दर साली जोह्याला मूर्ती न्यायला यायचे. मूर्ती आतून सुकली की नाही हे पाहायला विमलबाई तिला गाल लावतात, हे एकदा त्यांनी पाहिलं. पुढच्या खेपेला त्यांनी पारा भरलेल्या, तापमान दाखवणाऱ्या काचेच्या दोन नळ्या आणल्या.

"ही सुकी आणि ही ओली," ते म्हणाले. "ओलीच्या टोकाला मलमलीची वात, वात खालच्या वाटीतल्या पाण्यात. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी उडतं आणि नळी गार पडते. हवा दमट असली की पाणी उडत नाही. दोघींच्या आकड्यांत किती अंतर आहे ते बघायचं, बस."

विमलबाईंनी शेडीच्या दाराशी पेटी बसवून नळ्या तिच्यात टांगल्या आणि ते आपल्या कामात बसवून घेतलं. अंतर सहाच्या वर असलं तर मूर्ती चार दिवसांत सुकते. तिनावर आलं तर पाठीला बुरशी धरते. मग रोज अडीचला वरसेहून फोन यायला लागला. दत्तूदादा त्यांचे दोन आकडे सांगायचे, विमलबाई आपले. दादा सांगायचे वारा कुठून आहे, आभाळ किती आहे. मागून पुतळीबाई ओरडायच्या, "वाटीत पाणी मी घातलंय म्हणून सांगा तिला!" कारण आकडे वाचायचे दादांनी आणि पाणी घालायचं पुतळीबाईंनी, अशी त्या घरात वाटणी होती.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर पुतळीबाई गेल्या. दादा एकटे राहिले. मुलगी नम्रता पुण्याला, ती रविवारी फोन करायची. विमलबाईंना अडीचचा फोन येतच राहिला. मागून कोणी ओरडत नसे, एवढंच.

त्यापुढच्या मे महिन्यात ती हवा आली.

खाडीवरून दुपारी जो वारा सुटतो तो सुटेना. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सलग नऊ दिवस. आभाळ पांढरं पडलेलं, ऊन नाही आणि सावलीही नाही. केळीचं पान हलत नव्हतं. कावळे चोची उघड्या टाकून कौलांवर बसून राहायचे, ओरडायचे नाहीत. शेडीत डोळे रंगवायचे राहिलेल्या तीनशे मूर्ती घामेजल्यासारख्या दिसायच्या. बोट लावलं की बोटाचा ठसा उमटायचा. सकाळी आलं की काहींच्या गालावर ठसे आधीच उमटलेले असायचे. सून सुरभी म्हणाली, मांजर असेल. विमलबाईंनी निरखून पाहिलं. ते ठसे माणसाच्या बोटांचे होते, पण शेडीत दहा माणसं काम करतात.

जोह्याचा आकडा रोजचाच झाला होता. सुकी चौतीस, ओली साडेतीस. वरसेची सुकी त्याहून दोन अंश चढी, ओली जवळपास तेवढीच.

सहाव्या दिवशी अडीचला दादांचा फोन आला.

"सुकी छत्तीस पॉइंट आठ," ते म्हणाले. "ओली छत्तीस पॉइंट आठ."

विमलबाईंची पेन्सिल थांबली. "दोन्ही एकच?"

"एकच."

"दादा, असं कसं हुईल? एवढी वली हवा असती तर मानूस उभा तरी ऱ्हायला असता काय? वाटी सुकली असंल. वातीला पाणी नसंल."

"पाणी आहे," दादा शांतपणे म्हणाले. "पाणी पुतळी घालते."

'घालायची' असं नाही म्हणाले, 'घालते' म्हणाले. विमलबाईंना वाटलं, जिभेला सवय असते. "बरं, तुमी सवता जाऊन बगा," म्हणून त्यांनी फोन ठेवला. वहीत त्यांनी वरसेचा आकडा लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

सातव्या दिवशी आकडा आला साडेछत्तीस आणि तीस पॉइंट आठ. अगदी असायला हवा तसा. विमलबाईंना हायसं वाटलं.

"पाणी घातलंत ना?"

"तिनं घातलं. काल विसरले होते म्हणाली." मग दादा हलकेच हसले. "तुझी आठवण काढत होती. विमल अजून मूर्तीला गाल लावते का, विचारत होती."

विमलबाई मला म्हणाल्या, त्या उकाड्यात त्यांच्या हातावर काटा आला. शेडीत माणसं होती, रेडिओ चालू होता, तरी त्यांना पाठ भिंतीला टेकवून बसावंसं वाटलं. संध्याकाळी त्यांनी नम्रताला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा रविवारी छान बोलले की, मावशी. उकाड्याचं आहे सगळं. मी शनिवारी येतेच आहे." शनिवारला चार दिवस होते.

आठव्या दिवशी फोनवर आधी नुसता श्वास ऐकू आला. मग दादा आकडे वाचायला लागले. सदतीस. सदतीस. आवाज कोरडा, ओढल्यासारखा.

"दादा, तुमी जेवलाव काय? पंखा चालू हाय ना?"

"पंखा नको. गार लागतंय."

"गार?"

"थंडी आहे गो इकडे. तुमच्याकडे नाही?" मग ते म्हणाले, "आज ती घरात येत नाही. सकाळपासून दारात उभी आहे. चला म्हणते."

"कुठं?"

"मी म्हटलं, अडीचची नोंद झाली की निघू. झाली आता."

फोन बंद झाला. विमलबाईंनी परत लावला, वाजत राहिला. शेडीबाहेर त्यांचा पुतण्या जितेश मूर्तींचा टेम्पो धूत होता. चाळिशीचा गडी, दोन मुलांचा बाप. विमलबाई मातीचे हात तसेच घेऊन पुढच्या सीटवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "रोह्याला चल."

पेण, वडखळ, नागोठणे. रस्त्यात त्यांनी नम्रताला कळवलं. तिला वरसेतल्या शेजाऱ्यांचा एकच नंबर माहीत होता. ते कुटुंब सुट्टीत गावी गेलेलं. नम्रता पुण्याहून निघाली, पण तिला यायला रात्र होणार होती. भिसे खिंडीत चढणीला टेम्पो गुरगुरत चालला होता आणि दोन्ही बाजूंच्या झाडीत एक पान हलत नव्हतं. जितेश म्हणाला, "काकी, आपन फोटूत चाललोय असं वाटतं." विमलबाईंनी त्याला गप्प बसवलं.

पावणेपाचला ते वरसेला पोचले. आजूबाजूला नव्या इमारती उठल्यात. मध्ये दादांचं बैठं घर, फणस आणि अंगणातली पांढरी पेटी. घराच्या सगळ्या खिडक्या बंद होत्या. फटींना आतून कागद चिकटवलेले दिसत होते.

जितेश दाराकडे धावला. विमलबाई पेटीशी थांबल्या. त्यांचं त्यांनाच नंतर नवल वाटलं, पण पाय तिथेच वळले. पेटीचं दार उघडं होतं. वाटी खडखडीत कोरडी, तळाला मेलेल्या मुंग्या. मलमलीची वात पिवळी पडून काडीसारखी कडक झालेली. ती निदान तीन दिवस भिजली नसावी. सुतळीला बांधलेली नोंदवही लोंबत होती. विमलबाईंनी पान उलटलं. दादांचं बारीक, तिरकं अक्षर त्यांच्या ओळखीचं. शेवटचे आकडे थरथरलेले, पण त्यांचेच. फक्त सातव्या दिवसाची ओळ वेगळी होती. मोठे, गोल आकडे, पाटीवर गिरवल्यासारखे. तीन हा आकडा पोटाशी फुगलेला. दादा आजारी असले की पुतळीबाई नोंद करायच्या, तेव्हाचं अक्षर विमलबाईंनी या वहीत पूर्वी पाहिलं होतं.

"काकी, आतून कडी हाय!" जितेश दारावर खांदा मारत होता. "हालत नाय!"

विमलबाई दाराशी गेल्या. "दादा! मी विमल! जोह्याची!"

आतून फार लांबून आल्यासारखा आवाज आला. "पुतळी, दार उघड. विमल आली."

दोघंही तिथे उभे होते. जितेशचा हात दारावर होता. त्याने मला वेगळं गाठून शपथेवर सांगितलं, त्याने ढकललं नव्हतं. आत कडी सरकल्याचा आवाज झाला, सावकाश, अडकत अडकत, जशी गंजलेली कडी सरकते. दार चार बोटं आत गेलं. मागे कोणी नव्हतं.

दादा माजघर ओलांडून पलीकडच्या खोलीत खाटेवर होते. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, वर दोन गोधड्या. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही. ओठ फाटलेले. उठून दारापर्यंत येण्याची त्यांची स्थिती नव्हती. हात उचलायला सांगितला तर तोही उचलेना. खाटेच्या पायाशी दुसऱ्या माणसासाठी पाट मांडलेला होता आणि त्यावर भरलेला पाण्याचा तांब्या. त्याला कोणी तोंड लावलेलं नव्हतं.

विमलबाईंना भ्यायला वेळ मिळाला नाही. त्यांनी कानटोपी ओढून काढली, तो तांब्या उचलला आणि दादांच्या डोक्यावर ओतला. जितेशने विहिरीचं पाणी आणलं. ओल्या चादरीत गुंडाळून दोघांनी त्यांना टेम्पोत घातलं. मागे गणपतीसाठी पेंढा पसरलेलाच होता. रोह्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उष्माघात. अजून तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं. एवढ्या दमट हवेत म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही, डोक्यावर परिणाम होतो, नसलेली माणसं दिसतात. डॉक्टर समजावून सांगत होते आणि विमलबाई मान हलवत होत्या. कडीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

दादा पाच दिवसांनी नीट बोलायला लागले. विमलबाई भेटायला गेल्या तेव्हा नम्रता खाली औषधं आणायला गेली होती. दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. विमलबाईंना वाटलं, आभार मानतील.

"तू कशाला आलीस?" ते म्हणाले.

"असं काय बोलता, दादा?"

"रागावून नाही म्हणत. तुझ्यावर राग नाही." त्यांचे डोळे भरले. "मी तयार होतो गो. नोंद झाली होती, स्वेटर घातला होता. ती दारात उभी होती, माझ्यासाठीच आली होती. तू हाक मारलीस आणि मी तिला दार उघड म्हटलं. सवयीनं म्हटलं. तिनं उघडलं. मग माझ्याकडे वळून पाहिलं सुद्धा नाही. तुला आत घेतलं आणि गेली."

विमलबाईंनी दादांचा हात हातात घेतला. हात आता गार होता आणि घामेजलेला, जिवंत माणसाचा असतो तसा.

"तिला तुमी अजून नको असाल," त्या म्हणाल्या.

दादा म्हणाले, "मलाही तसंच वाटतंय. त्याचंच वाईट वाटतं."

नम्रता त्यांना पुण्याला घेऊन गेली. ते तिथे आहेत. प्रकृती बरी आहे, सकाळी नातीबरोबर बागेत जातात. हवेविषयी बोलत नाहीत. कोणी आज उकडतंय म्हटलं तरी उठून दुसऱ्या खोलीत जातात, असं नम्रता सांगते. वरसेच्या घराला कुलूप आहे.

श्रावणात विमलबाई रोह्याला एका गिऱ्हाइकाच्या घरी मूर्ती पोचवायला गेल्या होत्या. पेटी आणि नळ्या घेऊन जा, तिथे खराब होतील, असं नम्रताने त्यांना सांगून ठेवलं होतं. त्या फाटकापर्यंत गेल्या. गवत गुडघाभर वाढलं होतं. जितेशने पाना हातात घेऊन विचारलं, "काढू काय, काकी?"

"मग?" मी विचारलं.

विमलबाईंनी हातातल्या मूर्तीचा कान कोरून पूर्ण केला, तो पाण्याच्या बोटाने गुळगुळीत केला.

"नको म्हनले," त्या म्हणाल्या. "घरात कोन हाय असं मी म्हनत नाय. पन नम्रता न्या म्हनली तरी दुसऱ्याच्या अंगनातली वस्तू, इचारल्याशिवाय कशी उचलायची? आनी इचारायचं कोनाला?"

फाटकाची कडी त्यांनी बाहेरून लावली, आणि टेम्पो वळवायला सांगितला.