न सारवलेलं अंगण

औरादच्या बसस्टँडमागच्या वस्तीत सत्यभामाबाईंच्या अंगणाला लोक रान म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. तिथं माती दिसायचीच नाही. न्हाणीचं पाणी जायचं तिथं ब्राह्मी दाट पसरलेली, फाटकापासून पायरीपर्यंत पिवळ्या फुलांचा वेडेलिया, उन्हाच्या बाजूला चिनी गुलाब, भिंतीलगत अबोली, शेवंती आणि पावसाळी लिली. एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकणारी, जमीन झाकणारी झाडं त्यांनी मुद्दाम निवडली होती.

ही हौस नव्हती, राग होता. सासरच्या गावी त्यांनी तीस वर्षं भलंमोठं मातीचं अंगण झाडलं आणि शेणानं सारवलं. अंगात ताप असताना सारवलं, पोटात पोर असताना सारवलं. आल्यागेल्यानं म्हणावं, "श्रीपतराव, काय आरशासारखं अंगण आहे तुमचं!" आणि नवऱ्यानं मिशीतल्या मिशीत हसून घ्यावं. बाईची किंमत अंगणावरून ठरवणाऱ्या माणसांनी शेणाच्या बादलीत कधी बोट बुडवलेलं नसतं. गुडघे गेले ते बाईंचे.

म्हणून औरादला घर बांधलं तेव्हा त्या पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "या मातीला मी शेणाचा हात लावणार न्हाई. हिला झाकून टाकणार."

बोलल्या तसं केलं. बस-जीपमधून ओल्या फडक्यात फांद्या आणल्या, कुणाच्या कुंपणावरून मागितल्या, एकदोन न मागताही मोडून आणल्या. पसरणारं झाड जमीन धरेपर्यंत त्याला तणापासून जपावं लागतं. पहिली दोन वर्षं तण उपटून बाईंची बोटं सोलून निघाली. मग झाडांनीच तण दाबलं, आणि बाई सकाळी पायरीवर बसून चहा प्यायला लागल्या. जन्मात पहिल्यांदा सकाळ त्यांची झाली होती.

श्रीपतरावांना ते डोळ्यात सलायचं. अडत दुकानातली मंडळी चिडवायची, "अण्णा, बकऱ्या आणून सोडाव्या का तुमच्या अंगणात?" त्यात हरिओमचं, म्हणजे मुलाचं, लग्न ठरायची वेळ आली. तुळशीच्या लग्नानंतर कमलनगरची मंडळी घर बघायला येणार होती. बाई भाऊबिजेला निंबर्ग्याला माहेरी गेल्या आणि या गृहस्थांनी शेतातला फवारणी पंप आणून सगळ्या अंगणावर तणनाशक मारलं. शेतकऱ्याला हिरवं दिसलं आणि त्याचं पीक होत नसलं, की त्याला ते गवतच वाटतं.

हे औषध सावकाश मारतं. बाई परतल्या तेव्हा पानं नुसती पिवळट दिसत होती. उन्हानं असेल म्हणून त्यांनी पाणी घातलं. रोज सकाळ-संध्याकाळ बादल्या उचलून घातलं. अबोलीच्या मुळाशी शेणखत सारलं. श्रीपतराव ओट्यावर पेपर वाचत ते सगळं बघत होते, आणि एका शब्दानं बोलले नाहीत.

रविवारी हरिओम बिदरहून आला. नोकरी तिथं असल्यानं तो सुट्टीलाच घरी यायचा. आईच्या हातातली बादली बघून त्याला राहवलं नाही. "आई, कामून पाणी घालायलीस? अप्पानं औषध मारलंय."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झाडं मारल्याचा राग होताच. पण मेलेल्या झाडांना आपण पाणी घालताना हा माणूस बघत बसला, हे त्यांना सहन होईना.

"तोंड शिवलं होतं काय तुमचं?"

"तू चिडशील म्हणून बोललो न्हाई," श्रीपतराव पेपर खाली न ठेवता म्हणाले. "पाव्हणे यायलेत. अंगण कसं मोकळं पाहिजे."

"मोकळं पाहिजे व्हय? मग ते मोकळं अंगण तुम्ही सांभाळा. माझा हात लागणार न्हाई."

आठवडाभरात सगळं तपकिरी होऊन गळालं. उघडी माती वाऱ्यावर घरात येऊ लागली, अंथरुणात, भाकरीच्या पिठात. पाहुणे दुसऱ्या दिवशी यायचे म्हटल्यावर श्रीपतरावांनी भांडी घासणाऱ्या नागव्वाला सारवायला हाक मारली. बाई दारातूनच ओरडल्या, "नागव्वा, तू न्हाई!" नागव्वा भलतीच खूश होऊन निघून गेली.

पाहुण्यांच्या दिवशी पहाटे श्रीपतरावांनी धोतर खोचलं आणि स्वतः सारवायला बसले. अर्ध्या अंगणातच कंबर धरून उठले, पुन्हा बसले. शेजारी भिंतीवरून डोकावत होते. बाई आत पोहे परतत होत्या, आणि त्यांना तिळमात्र दया आली नाही.

कमलनगरची मंडळी आली. मुलीची आई हेमावतीबाई पायरीवरच थबकल्या. "किती छान सारवलंय अंगण! आमची शैलश्री पण रोज सारवती. लहानपणापासून सवय लावलीय. तुम्हाला आता काही बघायला नको, अक्का."

पोह्यांच्या बश्या बाईंच्या हातातच राहिल्या. मग त्यांनी त्या खाली ठेवल्या.

"तुमच्या पोरीनं इथं सारवायचं न्हाई," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला होता. "मी तीस वर्षं सारवलं. मग अंगणात झाडं पसरवली, ती ह्यांनी औषध मारून जाळली. आज ह्यांनीच सारवलंय, विचारा. माती मी परत झाकणार. तवर ह्येच सारवतील. तुमची पोरगी नांदायला येईल, शेण कालवायला न्हाई."

श्रीपतरावांचं तोंड काळंठिक्कर पडलं. मुलीच्या वडिलांची नजर त्यांच्या हातांकडे गेली. नखांत शेण तसंच होतं. "ही काय बोलायची पद्धत झाली?" म्हणत ते उठायलाच लागले.

हेमावतीबाई मात्र उठल्या नाहीत. त्यांनी सारवून सारवून भेगाळलेले आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

"बसा हो," मग त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पोरगी मी ह्याच घरात देणार."