मास्तरांची बटणं

सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच. परभणीकडच्या खेड्यातून हैदराबादला आलो तेव्हा मला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. अफझलगंजातल्या एका मराठी शिंप्यानं, आमच्या मास्तरांनी, दुकानात ठेवून घेतलं आणि काज-बटणापासून शिकवलं. आज मलकपेठेत माझं स्वतःचं दुकान आहे, दारात जुनी का होईना गाडी आहे. ती सगळी त्यांच्या हातांची कृपा.

म्हणून गेल्या थंडीत त्या हातांकडे बघवेना. मास्तरांची बोटं दर हिवाळ्यात सकाळी आखडायची. त्या थंडीत दुपारपर्यंत सुटेनात. शर्टाची बटणं त्यांची बायको, आमच्या काकू, लावून द्यायच्या. एकदा ते मला म्हणाले, "संक्रांतीपर्यंत बघतो. नाही जमलं तर माझी कात्री तू घेऊन जा."

डॉक्टरांनी ऊब द्यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, चला, खाली समुद्राकडे जाऊ. चिराल्याला थंडी नसते.

"गाडी तू चालवणार?" काकूंनी विचारलं. "अंबरपेठेच्या पुलावरसुद्धा देवाचं नाव घेतोस तू."

घेतो, खोटं कशाला बोलू. निघण्याआधी चाकांतली हवा दोनदा बघितली, स्टेपनी बघितली. बघायचा राहिला तो दिवस. भोगीचा दिवस, आणि अख्खं हैदराबाद सणाला आंध्रात गावी निघालेलं. टोलनाक्यावर रांग हलेना. बाहेर धुकं. मागे मास्तर शालीत हात खुपसून बसलेले. बरं करायला म्हणून आणलं आणि गारठ्यात उभं केलं, असं मला झालं.

"चुकलंच माझं, मास्तर."

"कैकू घाबरतो बाबा? रांगेत उभे आहोत, मुसी नदीत पडलो नाही."

काकूंनी डबा उघडला. तीळ लावलेली बाजरीची भाकरी. मास्तरांनी ती दोन्ही तळहातांत धरली, पण तुकडा मोडेना. काकूंनी मोडून दिला. मी समोरच्या ट्रककडे बघत राहिलो.

गुंटूर मागे पडल्यावर शाल उतरली, मग स्वेटर. समुद्राजवळ एक खोली घेतली. मास्तर रोज उन्हात बसून दोन्ही हात मनगटापर्यंत तापल्या वाळूत पुरून ठेवायचे. मी तासातासाला विचारायचो.

"सारखं सारखं उकरू नक्को," ते म्हणायचे. "रताळी भाजत घातली नाहीत."

चौथ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेलो तर ते दारात उभे. शर्ट घातलेला, सगळी बटणं लावलेली. फक्त एकेक घर चुकलेलं. डावी बाजू वर, उजवी खाली.

काकूंनी बघितलं. "जन्मभर लोकांना मापात बसवलंत, आणि हे काय?"

काकू बटणांना हात लावणार तोच मास्तर मागे सरले. "राहू दे. माझी मी लावलीत."

सणाचे तीन दिवस बंद असलेला बाजार त्या दिवशी उघडला होता. मास्तर तसेच बाजारात आले. कापडवाला शर्टाकडे बघत होता, मास्तर कापडाकडे. एका सुती ठाणाचा काठ त्यांनी चिमटीत धरला, हळूच चोळला, पुन्हा धरला.

"शर्टापुरतं घे," ते मला म्हणाले. "तुझ्यासाठी. घरी गेल्यावर मी कापतो."

मी मान हलवली. कापडवाल्याला शर्टापुरतं फाडायला सांगितलं.

"आणि कात्री," कापड माझ्या हातात देत ते म्हणाले, "सध्या माझ्याकडेच राहू दे."