पेटीचं कूळ

आमच्या मुळगावात कृष्णनाथ पेटीवाल्याइतका पोकळ माणूस मी पाहिला नाही, आणि गावात पोकळ माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. बोटं बरी चालायची, हे कबूल. पण बेळगावच्या कुठल्याशा संगीतवर्गात एक उन्हाळा बसून तो चार शब्द घेऊन आला: तंतू, सुषिर, अवनद्ध, घन. म्हणजे तारेची वाद्यं, वाऱ्याची, चामड्याची आणि धातूची. झालं! तेवढ्या भांडवलावर त्यानं स्वतःला मास्तर म्हणवून घेतलं, आणि आम्हीही गाढवासारखे म्हणू लागलो.

भजनाआधी तो आम्हाला ही 'वाद्यांची कुळं' शिकवायचा. आमच्याकडे कूळ म्हणजे खंड भरून दुसऱ्याची जमीन कसणारा. आनंदीमावशीनं पहिल्याच दिवशी विचारलं, "कुळां जाल्यार खंड कोणाक दितात रे?" सगळे हसले. कृष्णनाथ भडकला. "खानदान गो, खानदान! कोण खंयच्या घराण्यांतलो, तें!"

आता खानदान म्हटल्यावर उच्चनीच आलंच. माझं घुमट म्हणजे मडक्यावर ताणलेलं घोरपडीचं कातडं, ते मधलं. कासाळी, म्हणजे मोठ्या झांजा, त्याच्याखाली. सर्वांत खाली सुषिर, कारण गावात सुषिर एकच, देवळाचा वाजंत्री नारायण याची सनई. आणि सर्वांत वर तंतुवाद्य. तेही गावात एकच, कृष्णनाथाची पेटी.

"पेटीत तारो खंय आसात?" मी विचारलं.

"भितर आसात. तुका कशो दिसतल्यो?"

पेटी उघडून बघायची कुणाची टाप नव्हती. त्यानं स्वतःही कधी उघडली नसावी.

गोवा राज्य झालं त्या मे महिन्यात देवळात कार्यक्रम ठरला. नारायणाचं मागणं साधं होतं. बाप-आजा अंगणात उभे राहून वाजवत आले. या एका दिवशी तरी आपल्याला मंडपात, सगळ्यांबरोबर बसून वाजवू द्यावं. गावानं हो म्हटलं. नारायणानं नवीन सदरा शिवून घेतला. मग कृष्णनाथानं कुळं पुढे केली. तार वर, वारा खाली, अंगणात. "हांव सांगना, शास्त्र सांगता," म्हणाला. शास्त्राचं नाव निघालं की आमच्या लोकांच्या माना आपोआप हलतात. त्या हलल्या.

कार्यक्रमाला पाहुणे आले, शाळेतली अंकिता बाई नांदी म्हणायला उभी राहिली, आणि कृष्णनाथानं भाता ओढला तो फस्स झाला. उन्हानं डिंक सुटून भात्याची घडी उकलली होती. अंकितानं काय झालंय ते पाहायला वरची फळी काढली. आत ओळीनं पितळी पट्ट्या. तार नावालाही नव्हती.

"मास्तर," ती सरळच म्हणाली, "ही तर वाऱ्यार वाजता. म्हणजे सुषिर. तुमचीय सुवात सकयल आंगणांत, नारायणाबरोबर."

लोक खदखदून हसले. वाटलं, आता तरी हा शरमेल. कसला शरमतो!

"खंय सनई, खंय पेटी!" तो ओरडला. "हो भात्याचो वारो. तोंडाचो न्हय. उश्टो न्हय!"

हसू तिथंच थांबलं. इतके दिवस हेच होतं त्याच्या पोटात. तार नाही, शास्त्र नाही, नारायणाची थुंकी. मला त्याची किळस आली, आणि अजून येते.

मग त्याच तोंडानं त्यानं अंगणात हाक मारली, "नारायणा, सूर धर रे! बाई उबी आसा."

नारायणानं सनई फडक्यात गुंडाळली. "देवाक म्हजो उश्टो सूर चलता," तो म्हणाला. "तुमकां चलना जाल्यार तुमचो सूर तुमी सोदात." आणि तो नव्या सदऱ्यात घरी गेला.

पाहुणे घड्याळं बघू लागले. अंकिता सुराची वाट बघत उभी. कृष्णनाथानं भात्याची फट तळव्यानं दाबली, मांडीनं दाबली, पंचा कोंबला. पेटी नुसती धापा टाकत राहिली. शेवटी त्यानं पेटीत हात घालून सा ची पट्टी उपसली, इकडंतिकडं पाहिलं, आणि सगळ्या गावादेखत ती ओठांना लावून फुंकली.

सा बरोबर लागला. लाळ हनुवटीवर ओघळली, पण ती त्याला पुसता येईना. अंकितानं नांदी सुरू केली होती, आणि ती संपेपर्यंत त्याला फुंकतच राहावं लागलं.