फुकटात वाटलेला चेहरा

माझ्या सुनेला गल्लीत सगळे फोटोवाली म्हणतात. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात कपडे कमी आणि वायरी जास्त. तीन पायांचा एक स्टँड होता, तो मला टॉवेल वाळत घालायला फार सोयीचा वाटला, म्हणून मी घातला. तिने टॉवेल उतरवला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिली. त्या घडीवरूनच मी ओळखलं, हिच्याशी आपलं जमणार.

आधी ती एका स्टुडिओत कामाला होती. ज्याच्या त्याच्या हाती मोबाइल आल्यावर स्टुडिओत फोटो काढायला कोण जाणार? तो बंद पडला आणि तिने आमची मागची खोली धरली. तिथे खिडकीवर पांढरी चादर लावली, माझ्या कपड्यांच्या चिमट्यांनी. भिंतीला थर्माकोल टेकवले. दुकानदार बाटल्या, चपला, दिवे आणून देतात, ती त्यांचे असे फोटो काढते की आपल्या पायातल्या चपलेची आपल्यालाच लाज वाटावी. पत्रकं पण करून देते. शिवाय लिहितेसुद्धा. घरच्या घरी, खिडकीच्या उजेडात फोटो कसे काढावेत हे ती लोकांना सांगते. लोक म्हणजे कोण, ते तिलाही ठाऊक नाही.

हे सगळं तिला शिकवलं साईटींनी. एक साईट अशी आहे, की एक रंग दाखवला की त्याला शोभणारे बाकीचे रंग ती काढून देते. माझ्या आईने हेच काम लोकरीच्या दुकानात उभं राहून जन्मभर केलं, पण तिला कुणी साईट म्हटलं नाही. एक साईट अक्षरांची वळणं देते. एका ठिकाणी प्रश्न टाकला की कुठले कुठले अनोळखी लोक कामधाम सोडून उत्तरं देतात. आणि एक आहे फोटोंची. जगभरचे लोक तिथे आपले फोटो ठेवतात आणि ज्याला पाहिजे तो घेऊन जातो.

"फुकट?" मी विचारलं.

"फुकट. पत्रकांसाठी मी पण तिथूनच घेते की, आई. नुसतं घेत राहायचं बरं दिसत नाही, म्हणून आपलेही थोडे ठेवायचे."

"म्हणजे रस्त्यावरचा नळ म्हण."

"तसंच. फक्त इथे पाणीही लोकांनीच आणून भरायचं."

माझ्या मुलाला हे मुळीच पटत नसे. "फुकटची समाजसेवा. त्यापेक्षा कुठेतरी नोकरी धर," असं तो जेवताना म्हणायचा, म्हणजे तिचा घास अडकायलाच हवा. तेव्हा तिची बाजू घ्यायचे ते एकटे आमचे हे. यांचं कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, दार काढलेलं कपाट. "माझ्या कामाला तरी कुठे कोण टाळ्या वाजवतं?" असं म्हणून त्यांनी एक दिवस दुकानातला वाकणारा दिवा उचलून आणला आणि तिच्या खोलीत लावून दिला. स्वतः खिडकीच्या उजेडावर काम करायला लागले. मी म्हटलं, "अहो, तुम्हाला दिसेल का?" तर म्हणाले, "घड्याळाला दिसलं म्हणजे झालं."

दुपारी हातात काम नसलं की ती त्यांच्या दुकानात स्टुलावर जाऊन बसायची आणि त्यांच्या हातांचे फोटो काढायची. एकदा नुसते हात न काढता सगळा माणूसच काढला. भिंग कपाळावर सरकवलेलं, चिमट्यात एक बारीकसा स्क्रू, आणि नजर कुठेतरी बाहेर. फोटो खरंच देखणा होता. तिने त्याला "विचारात" असं नाव दिलं आणि त्या साईटवर ठेवला. तो पुष्कळ लोकांनी घेतला. त्या दिवशी तिने सगळ्यांना चहा केला आणि साखर टाकायची विसरली, इतकी खूश होती.

पुढे मी एकदा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेले. औषधाच्या दुकानाला लागूनच दवाखाना आहे. त्याच्या काचेवर आमचे हे! माझ्यापेक्षा मोठे. आमच्या लग्नात फोटोग्राफर आलाच नव्हता, आणि आता बघा, छापून छापून केवढे छापले. मी हसणारच होते. मग वरची अक्षरं वाचली. मला जोडून जोडून वाचायला वेळ लागतो, ते एका अर्थी बरंच असतं, धक्का हप्त्याहप्त्याने बसतो. लिहिलं होतं, "आठवणी निसटू लागल्या आहेत का?" आणि खाली, "वेळीच तपासून घ्या."

औषधवाला गोळ्या देताना आवाज उतरवून म्हणाला, "काकू, काकांचं कळलं. एवढं झालं आणि बोललात नाही."

"काही झालेलं नाही," मी म्हटलं.

"असंच म्हणायचं असतं सुरुवातीला," तो म्हणाला, आणि सुटे पैसे माझ्या हातात ठेवून मूठ नीट मिटवून दिली.

मी घरी पोचायच्या आत बातमी यांच्या दुकानात पोचली होती. एक बाई आपल्या वडिलांचं जुनं घड्याळ दुरुस्तीला देऊन गेली होती, ती परत न्यायला आली. "घाई नाही काका, तसंच द्या. आपण विश्रांती घ्या." जो तो यांच्याशी मोठ्याने बोलायला लागला, जणू विसरणारा माणूस बहिराही असतो. एक शेजारी तर समोर उभा राहून विचारतो, "काका, मी कोण, सांगा बघू?"

"तूच तो. घड्याळ घालून आंघोळ करतोस," हे म्हणाले.

मी मनात म्हटलं, शाबास. पण मग माणसं येईनाशी झाली. घड्याळ म्हणजे नुसती वस्तू नसते हो, कुणाच्या तरी मनगटावरची असते. ते कोण विसरणाऱ्याच्या हातात देईल? हे रोज दुकान उघडून बसायचे आणि झाडून काढलेलीच फळी पुन्हा झाडायचे.

मग एक दिवस हे स्वतःच दवाखान्यावरून चालत गेले, काचेवर आपला चेहरा पाहिला आणि घरी आले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. सुनेला हाक मारली.

"फोटो काढताना मला विचारलं होतंस?"

"हो, बाबा."

"वाटताना?"

ती खाली मान घालून म्हणाली, "तिथे एका चौकोनात खूण करायची असते, फोटोतल्या माणसाची परवानगी आहे म्हणून. मी केली. मला वाटलं, घरचेच तर आहात."

परक्या माणसाला तिने दहा वेळा विचारलं असतं. दुकानदाराच्या चपलेलासुद्धा विचारून फोटो काढते ती. पण घरच्याला काय विचारायचं? ही चूक आपल्यासारख्या घरांतच होते.

हे मागच्या खोलीत गेले, दिव्याची वायर गुंडाळली आणि दिवा घेऊन दुकानात निघून गेले. त्यानंतर सुनेशी बोलणं बंद. तिने ताट वाढलं तर मला म्हणायचे, "अगं, भाजी पुरे म्हणून सांग." आणि ती माझ्या शेजारीच उभी. मुलगा म्हणाला, "मी सांगतच होतो." अशा वेळी खरं बोलणारा माणूस किती नकोसा वाटतो!

तिने खायचं सोडलं, पण हातपाय गाळले नाहीत. दवाखान्यात गेली, मला बरोबर घेऊन. तिथली मुलगी म्हणाली, "ते आम्हाला बाहेरून छापून आलंय. डॉक्टर मॅडम गावाला गेल्यात. त्यांना विचारल्याशिवाय मी काढू शकत नाही." पण ज्याने पोस्टर बनवलं त्याचा नंबर दिला. हाही सुनेसारखाच, घरात बसून काम करणारा. तिने माझ्यासमोरच फोन लावला. मलाही ऐकू येत होतं.

"ताई, राग मानू नका," तो पोरगा म्हणाला. "फ्री होता म्हणून घेतला. परवानगी तुमचीच आहे तिथे."

"मला ठाऊक आहे. पण ते माझे सासरे आहेत. त्यांना काही झालेलं नाही."

"सॉरी ताई. खरंच सॉरी. पुढच्या छपाईत चेहरा बदलतो. पण म्हातारी माणसं शोधताना मी इतके फोटो बघितले ना, सगळे एकतर हसतात नाहीतर रडतात. या एकट्याच फोटोत माणूस काहीतरी शोधतोय असं वाटलं."

सुनेने फोन ठेवला. मग म्हणाली, "आई, मी पण एका बाईला टक्कल पाडलंय."

"काय?"

"केसांच्या तेलाचं पत्रक होतं. त्या साईटवरून एक हसरी बाई घेतली आणि तिचे केस पुसून विरळ केले. ती कुठली, कोणाची, मी एकदाही विचार केला नाही."

आम्ही दोघी हसलो.

सुट्टीच्या दिवशी ती संगणकासमोर बसली होती. एक साईट म्हणे अशी आहे, की फोटो दाखवला की तो कुठे कुठे फिरून आलाय ते ती सांगते. मी यांना म्हटलं, "अहो, पोरगी दिवसभर तुमचं तोंड शोधतेय. एकदा बघा तरी. माझ्यासाठी." आढेवेढे घेत आले आणि दारातच उभे राहिले.

पडद्यावर हेच हे! एका ठिकाणी घड्याळाचे पट्टे विकत होते. एका ठिकाणी, सून वाचून दाखवत होती, "घाई न करणारी माणसं" अशा लेखाच्या डोक्यावर बसले होते. एका लेखात एकटेपणाने कंटाळलेले. एका ठिकाणी कामावरून निवृत्त होऊन सुखी. एका ठिकाणची भाषाच आम्हाला कळेना, तिथे ते काय होते देव जाणे.

हे पुढे आले. चष्मा लावला. बऱ्याच दिवसांनी थेट तिच्याशी बोलले. "हा फोटो काढलास तेव्हा मी काय करत होतो?"

"विचार करत होतात, बाबा."

"नाही." ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. "चिमट्यातला स्क्रू कुठला, ते मला आठवत नव्हतं. मीच नुकताच काढला होता, आणि कुठून काढला ते आठवेना."

आणि मला वाटत होतं, दुकानाची फळी ते पुन्हा पुन्हा झाडतात ते गिऱ्हाईक नाही म्हणून.

सून रडायला लागली. "मी काढून टाकते. सगळ्यांना लिहिते."

"कुठून कुठून काढशील? माझ्या गावातही मी इतका फिरलो नसेन." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दवाखान्यात जाऊन येतो. पण त्या पोस्टरखाली मी एकटा बसणार नाही, सांगून ठेवतो."

आम्ही तिघं गेलो. तिथली मुलगी यांच्याकडे बघायची, मग काचेकडे, पुन्हा यांच्याकडे. शेवटी हेच म्हणाले, "हो, मीच तो. सही पाहिजे का?"

डॉक्टर मॅडम गावाहून परतल्या होत्या. भल्या होत्या. त्यांनी पोस्टरबद्दल माफी मागितली, मग वार विचारला, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मग एक कोरा कागद पुढे केला. "काका, यावर एक घड्याळ काढा."

हे हसले. मीसुद्धा. अहो, कुणाला काय काढायला सांगता! त्यांनी एका झटक्यात गोल काढला, कंपासनेही इतका नीट येणार नाही. आकडे सगळे जागच्या जागी. बाजूला चावीची गुंडीसुद्धा काढली.

"सुरेख," मॅडम म्हणाल्या. "आता त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा."

पेन्सिल मध्यावर आली आणि थांबली. ते खिडकीबाहेर बघायला लागले. काचेवरच्या पोस्टरमधली नजर, तीच, माझ्या शेजारी बसली होती. सुनेचा हात सवयीने कॅमेऱ्याच्या पिशवीकडे गेला, आणि मी पाहिलं, तिने तो दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला.

आता औषधं सुरू आहेत. पुढे काय ते मॅडमनी सांगितलं आहे, मला ते सांगायचं नाही. पोस्टर कधीतरी उतरलं, पण कोपऱ्यांचा चिकट कागद अजून काचेला आहे.

दुकान बंद करा असं मुलगा म्हणाला. यांनी सुनेला बोलावलं. "घड्याळ उघडलं की प्रत्येक पायरीला फोटो काढायचा. काय कुठून निघालं ते मला उलट्या क्रमाने दाखवायचं. जमेल?" तिला न जमायला काय झालं? आता दुपारी ती तिथेच असते. आपली कामंही तिथेच आणते, बाटल्या आणि चपला घड्याळांशेजारी बसतात. वाकणारा दिवा दोघांच्या मध्ये असतो. गिऱ्हाईक थोडी आहेत, जी आहेत ती जुनी. सगळ्याच दुपारी चांगल्या जातात असं नाही. कधी ते चिडतात, "मला काय शिकवतेस?" म्हणून ती फोटो दाखवत असते तो फोन ढकलून देतात. मग ती बाहेर जाऊन उभी राहते.

काल मी चहा घेऊन गेले तेव्हा एक घड्याळ उघडं होतं. तिने फोटो काढला.

"हा कुठे टाकू नकोस हं," हे म्हणाले.

"नाही, बाबा."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, एक चाक उचललं, ठेवलं. मी चहा कपात ओतायला घेतला. तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"हा फोटो कुठे टाकू नकोस हं."

सुनेने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पहिल्यांदाच ऐकल्यासारखी म्हणाली, "नाही, बाबा. कुठेच नाही."