पाचव्या रांगेतला सातवा माड

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... घाबरतो मात्र नेमाने. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर आमची ही वाचून हसेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बोईसरला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो — म्हणजे विद्यार्थ्यांच्या एक धडा पुढे असायचो, इतकंच. घर माकुणसारला. त्या उन्हाळ्यात आमच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी खारं झालं. माडांच्या झावळ्या पिवळ्या पडल्या, आणि बाबा जेवताना बोलेनासे झाले. फावडं हातात घ्यायचं सोडून मी काय केलं? स्क्रीनवर हिरवीगार वाडी काढायला बसलो!

काढला एकच माड. तो भोवतालच्या चौकोनासकट उचलून मेमरीत ठेवायचा आणि प्रोग्रामने त्याच्या प्रती ओळीने उमटवत जायच्या. आईला विचारून आकडे घेतले होते — आठ रांगा, रांगेत बारा माड. प्रोग्राम चालवला... पाचव्या रांगेत सातवी जागा मोकळी!

चूक माझीच असणार, हा जुना अनुभव. सगळं पुन्हा लिहिलं, दुसऱ्या मशीनवर चालवलं. शहाण्णव माडांना हुकूम एकच, पण उमटायचे पंच्याण्णवच.

बाबांना तेवढंच हसू येईल म्हणून प्रिंट घरी नेली. ते चष्मा लावून एकेका माडावर बोट ठेवत गेले. मोकळ्या जागेवर बोट थांबलं.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"काय?"

"इथं माड लागत नाय ते. सात रोपं लावली मी, सातही मेली. तू तर वाडीत येतोस ते मला जेवायला बोलवायला!"

आई दारातून म्हणाली, "मी नुसता आकडा सांगितला हो. जागेचं काय बोलली नाय."

सकाळी बाबांनी तिथेच खणायला घेतलं. पुरुषभर खाली दगडी कडं लागलं — बुजवलेली जुनी विहीर! ती कोणी, कधी बुजवली, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. चार दिवस गाळ उपसला. मग पाणी आलं. बाबांनी ओंजळीने चाखलं आणि तिथेच चिखलात बसले.

"गोडं हाय रे..."

सोमवारी क्लासमध्ये तोच प्रोग्राम, एक अक्षर न बदलता चालवला. शहाण्णव माड. पाचव्या रांगेतला सातवा ताठ उभा!

कुठलाही प्रोग्राम का बिघडतो याची कारणं मी पुढे कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांना ठोकून दिली. या बिघाडाचं मात्र एकही सुचलेलं नाही.

त्याचीही प्रिंट काढून बाबांना दाखवली. म्हटलं, "आता तिथं विहीर आहे. पुसून टाकू का हा माड?"

त्यांनी कागदावरून हात फिरवला.

"राहू दे. माझ्या हातून नाय लागला... इथं तरी लागला."