दोन बोटं आखूड

खजुराच्या बागेतली वाट निम्मी सरली, तरी यहया अक्रमचं नाव घेईना. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, कडेनं पाटाचं पाणी, आणि हा आपला भिंतीवरून हात घासत चाललेला. डावा हात. त्या हाताला मधलं बोट आणि अनामिका नाही.

मुनिबाला डॉक्टरांनी साखरेपायी चालायला सांगितलं होतं. यहया तिचा धाकटा मावसभाऊ, अमिरातीत अल ऐनला खोलीवर एकटाच राहायचा. दर शुक्रवारी दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की दोघं बागेतून मोठा फेरा मारत. एरवी यहयाचं तोंड मिटत नसे. आज शेवटी मुनिबालाच बोलावं लागलं.

"सकाळी बानूचा फोन आलेला."

बानू म्हणजे अक्रमची बायको. यहया थांबला नाही.

"रडत होती. म्हणे, आपा, हे खरंच पिऊन बंदूक चालवायला गेले होते का? गावी मास्तर, तिचे सासरे, लेकाचं नाव काढलं की पाठ फिरवतात. त्यानं पाठवलेलं औषधसुद्धा घेईनात."

"बरं झालं," यहया म्हणाला. जेवणात मीठ बरोबर पडलंय, असं म्हणावं तसं.

त्याला तसं म्हणायचा हक्क होता. अकरा वर्षांपूर्वी शारजातल्या एका फर्निचर कारखान्यात यहया सुतार होता आणि अक्रम सुपरवायझर. दोघं रत्नागिरीकडच्या एकाच गावचे. काम लवकर उरकावं म्हणून अक्रमनं फिरत्या करवतीवरची जाळी काढून ठेवायला लावली, आणि तिसऱ्या दिवशी यहयाची दोन बोटं भुशात पडली. अक्रमनं रिपोर्टात लिहिलं, मशिनमध्ये दोष नाही, चूक कामगाराची. नोकरी सांभाळायला माणूस इतपत खोटं लिहितो, असं म्हणून एक वेळ सोडून देता आलं असतं. पण शारजात गाववाले जमतात त्या रोल्ल्यात चहा पिता पिता त्यानं वर पुस्ती जोडली, की यहया पिऊन आला होता. रोल्ल्यात बोललेलं गावी पोचायला विमान लागत नाही. यहयाच्या बापानं दारुड्याच्या कमाईच्या गोळ्या नकोत म्हणून पाकीट तसंच परत केलं. त्याच वर्षी बाप गेला. ज्यानं थेंबाला कधी हात लावला नाही, तो पोरगा मातीला पोचलाही नाही.

आणि मुनिबा? ती अकरा वर्षं नमाजेनंतर दुआ मागत आली होती, या अल्ला, आमच्या यहयाची दारू सोडव.

पुढे यहयाला अल ऐनला काम मिळालं. नेमबाजीच्या क्लबाला लागून परवान्याचं एक दुकान आहे. कुठल्या कुठल्या सैन्यांनी मोडीत काढलेल्या जुन्या रायफली तिथं हौशी लोक विकत घेतात, क्लबात निशाणाला चालवतात आणि क्लबाच्याच कुलपात ठेवतात. सत्तर-सत्तर वर्षांचं ते लाकूड चिरलेलं, तेल प्यायलेलं असतं. ते काढून रायफलीला नवा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, बसवायचं काम यहयाचं. आठ बोटांत तो जे करी, ते दहा बोटांच्या माणसाला जमत नसे.

तिथंच अक्रम आला. आता मॅनेजर झालेला, अंगानं सुटलेला.

"अरे यहया! हबीबी, तू इथं? बघ, ही घेतलीय. लोखंड एक नंबर आहे, लाकूड तेवढं खलास. पुढच्या महिन्यात क्लबाची स्पर्धा आहे. माझ्या मापाचा दस्ता कर. गाववाला आहेस, तुझ्यावर भरवसा."

दस्त्याचं माप घ्यायची रीत साधी आहे. कोपर वाकवायचं, दस्त्याचं बूड कोपराच्या बेचक्यात टेकवायचं, आणि तर्जनी घोड्यापर्यंत पोचली की माप बरोबर. यहयानं अक्रमचा हात आपल्या हातात घेतला, वाकवला, अगदी नीट माप घेतलं. मग अक्रोडाच्या लाकडाचा असा देखणा दस्ता घडवला की दुकानाचा मालकही दोनदा हात फिरवून गेला. फक्त तो दोन बोटं आखूड होता. जुन्या सैन्याच्या रायफली आखूडच असतात, म्हणून कुणाला शंका आली नाही.

अक्रमनं पहिली गोळी झाडली तशी रायफल मागे आली आणि आखूड दस्त्यापायी तोंडाजवळ आलेल्या त्याच्याच अंगठ्यानं त्याचं नाक फोडलं. दुसऱ्या गोळीला गालाचं हाड काळंनिळं. तिसऱ्यानंतर तो तणतणत दुकानात आला. तेव्हा दुकानात क्लबाचे चार मेंबर होते आणि रोल्ल्यातला त्यांच्याच गावचा एक कापडवाला.

"काय दस्ता केलायस रे हा?"

यहयानं रायफल उलटीसुलटी पाहिली. "लाकडात दोष नाही, अक्रमभाई. चूक माणसाची." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, हसत म्हणाला, "पिऊन तर धरली नव्हती ना?"

सगळे खो खो हसले. अक्रम हसला नाही. त्याची नजर यहयाच्या डाव्या हातावर गेली आणि तिथंच राहिली. त्याला कळलं. पण चारचौघांत काय सांगणार, की हे वाक्य मूळचं माझं आहे?

त्यानं स्पर्धेतून नाव काढून घेतलं. कापडवाला रोल्ल्यात गेला. पुढचं सांगायला नको. मुनिबाला हे सगळं मागे एका शुक्रवारी यहयानंच सांगितलं, आणि करवतीचं खरंही तिला तेव्हाच कळलं.

"यहया," मुनिबा म्हणाली, "मास्तरांनी काय पाप केलं रे? मला अ-आ-ई त्यांनीच शिकवलं. आता त्यांना कानांनी ऐकू येत नाही, फोनवर कुणी समजवायची सोय नाही. बानू म्हणते, आपा, तुम्ही दोन ओळी लिहा. तुमचं अक्षर ओळखतात, तेवढं मानतील."

"माझ्या बापानं काय पाप केलं होतं?"

मुनिबा पाटाच्या पाण्याकडे बघत चालत राहिली.

"आणि तू? तूसुद्धा मानलंस, आपा. माझी दारू सुटावी म्हणून रोजे धरलेस. मला कळलं तेव्हा मी हसलो होतो. मग दरवाजा लावून घेतला."

मुनिबा पाटाच्या कडेला टेकली. "चुकले मी. पण खोटं ते खोटंच. अल्लाला दोन्हींचा जाब द्यायचाय, त्यालाही, तुलाही."

"देईन ना. मी कुठं पळतोय? दस्ता मीच आखूड केला, पिण्याचं मीच बोललो. पुन्हा संधी दिली तर पुन्हा करीन. तीन बोटं आखूड करीन."

दूर मगरिबची बांग सुरू झाली. मुनिबानं डोक्यावरची ओढणी सारखी केली. यहयानं तिला उठायला हात दिला, तोच हात, आणि धरून ठेवला.

"लिही मास्तरांना," तो म्हणाला. "त्यांचा पोरगा पीत नाही, लिही. मी खोटं बोललो तेही लिही, माझ्या नावानिशी. पण क्रमानं लिही, आपा. आधी करवतीची जाळी कुणी काढली ते. मग माझी बोटं. मग माझा बाप. आणि त्यानंतर त्याचा गाल. मास्तर शिकलेले आहेत, क्रम लावून दिला की गणित त्यांचं ते सोडवतील."

"आणि शेवटी?"

"शेवटी काही नको. फक्त मला वाईट वाटतंय असं माझ्या नावावर लिहू नकोस."