आमचा माणूस पूर्वेला

पासष्टची लढाई सुरू झाली तेव्हा आमच्या अकोल्याच्या घरात मी सोडून कुणी घाबरलेलं नव्हतं. नवरा फौजेत, लग्नाला वर्षही झालेलं नाही, आणि सासरे मात्र खुशाल चहा भुरकत बसलेले. ते स्वतः ब्रह्मदेशात लढून आलेले जुने शिपाई. माझं तोंड उतरलेलं बघून त्यांनी अंगणात काठीने रेघा ओढल्या.

"हे पाह्य सुनबाई, फौजवाले लढाईचे असे वावरं पाडतात. हे पश्चिमेचं, हे पूर्वेचं. दोन्हीचे जनरल येगळे, रसद येगळी. आमी ब्रह्मदेशात होतो, तर आफ्रिकेत काय चालू हाय ते आमाले ठाऊकबी नव्हतं. आता लढाई पेटली पश्चिमेले. आपला पोट्टा आसामात. मंग तू काहून भेतं?"

थोरला मुलगा तापाने गेल्यापासून त्यांना हा एकच उरला होता. मी आपली निर्धास्त झाले. इतकी, की वस्तीतल्या बायका फौजी गाड्यांना भाकरी-पिठलं द्यायला स्टेशनवर निघाल्या, तर सगळ्यांत पुढे मीच.

त्या दुपारची गाडी नागपूरकडून आली. एका जवानाला विचारलं, कुठून आलात? म्हणाला, "आसाम से." माझ्या हातातली दुरडी कलंडली. पूर्वेची माणसं पश्चिमेला चालली होती. सासऱ्यांच्या रेघा ओलांडायला एक इंजिन पुरत होतं! मी डब्यामागून डबा बघत धावले. पलटणीचं नाव सांगायची त्यांना मनाई. शिट्टी झाली, गाडी हलली, आणि शेवटच्या डब्याच्या दारात तो दिसला. त्यानेही मला बघितलं. हसला नाही. ओरडला,

"बाबाले सांगू नको वं!"

नाही सांगितलं. पण काय राग आला होता त्याचा! स्वतः निघून गेला आणि ओझं माझ्या डोक्यावर. रोज रेडिओवर पश्चिमेच्या बातम्या लागत आणि सासरे म्हणत, "आपल्याले काय, आपला पूर्वेले हाय." मी "हो मामाजी" म्हणून भाकरी थापत राही.

मग एक दिवस समोरच्या घरी तार आली. त्यांचा मुलगा पंजाबात पडला होता. मी धावत गेले, त्याच्या बायकोच्या गळ्यात पडले आणि तिच्यापेक्षा मोठ्याने रडले. थांबताच येईना. जमलेल्या बायका कौतुकाने म्हणाल्या, "पाहा वं, सोताचा माणूस सुखरूप असून दुसरीसाठी किती रडून राह्यली."